स्पेलिंग कां चुकतें?

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचा रजेचा अर्ज आमच्या हातीं आला. अर्ज इंग्रजींत होता. वडील आजारी असून फार अशक्त झाले आहेत, त्यांस दवाखान्यांत न्यावयाचें आहे, तरी दोन दिवसांची रजा मिळावी, एवढाच मजकूर. परंतु ‘अशक्त’ या अर्थाचा ‘वीक’ हा शब्द लिहितांना त्यानें डब्ल्यू-ई-ए-के असें न लिहितां डब्ल्यू-ई-ई-के असें लिहिलें होतें. त्यामुळें ‘माझे वडील फार आठवडा झाले आहेत’ असा त्या वाक्याचा अर्थ झाला. आम्हांस हंसूं आलें, आणि तें वाक्य आम्हीं वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें. वर्गहि हंसला.

रजा मिळाली, वडीलहि पुढें बरे झाले. परंतु त्या दिवसानंतर त्या मुलानें स्वतःच्या मनचें एकहि इंग्रजी वाक्य वहींत लिहिलें नाहीं. फळ्यावरचें उतरवून घ्यावें, गाइडांतील निबंध पाठ करावा आणि गप्प बसावें, असा त्याचा क्रम झाला. त्याची चूक एका अक्षराची होती; आमची त्याहून मोठी होती. जी चूक आम्हांस समजावून सांगतां आली असती, तिला आम्ही केवळ हंसलों. ती समजावून देण्याचें राहिलेलें काम आज या लेखांत करावयाचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, स्पेलिंगची चूक ही बुद्धीची उणीव नव्हे. तिला कारण असतें, आणि कारण कळलें म्हणजे उपायहि सांपडतो.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहूं. मराठी मूल बाराखडी शिकतें तेव्हां त्याच्या मनावर एक नियम ठसतो; तो असा कीं, जसें बोलावें तसें लिहावें आणि जसें लिहिलें तसें वाचावें. ‘क’ म्हणजे ‘क’च. हा नियम मनांत धरून तें मूल इंग्रजीकडे वळतें. तेथें अक्षरें अवघीं २६ आणि ध्वनि ४० हून अधिक. साहजिकच एका अक्षरास अनेक ध्वनींचें काम करावें लागतें, आणि एकच ध्वनि अनेक वेषांनीं पुढें येतो. अशा वेळीं कानावर भरंवसा ठेवून लिहिणारा मुलगा चुकला, तर तो आपल्या बाराखडीशीं प्रामाणिक राहिला एवढाच त्याचा अपराध.

अर्थात् आपल्या लेखनांतहि हा नियम पूर्णपणें पाळला जातो असें नाहीं. ‘ज्ञ’ हें अक्षर ज आणि ञ मिळून झालेलें आहे. परंतु आपण ‘ज्ञान’ शब्दाचा उच्चार ‘द्न्यान’ असा करतों, आणि हिंदी बोलणारे ‘ग्यान’ असा करतात. ‘चहा’ आणि ‘चव’ या दोन शब्दांतील ‘च’ मोठ्यानें उच्चारून पाहा. अक्षर एक, ध्वनि दोन. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुर’ म्हणजे देव आणि ‘सूर’ म्हणजे गाण्यांतला स्वर. बोलण्याच्या भरांत हे भेद पुष्कळांच्या तोंडून स्पष्ट निघत नाहींत, आणि लिहितांना ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा होतो. तात्पर्य, इंग्रजीचें दुखणें आपल्याला अगदींच अनोळखी नाहीं. तेथें तें अधिक वाढलेलें आहे, इतकेंच.

तें इतकें कां वाढलें? विल्यम कॅक्स्टन यानें इंग्लंडांत वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला तो १४७६ सालीं. छपाई सुरू झाली म्हणजे स्पेलिंग हळूहळू ठरूं लागतें. परंतु नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे साधारण पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत, इंग्रजांच्या बोलण्यांतील दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. बोली पुढें गेली आणि स्पेलिंग मागें राहिलें. ‘नांव’ या अर्थाचा ‘नेम’ हा शब्द घ्या. एन-ए-एम-ई हीं त्याचीं अक्षरें. सहाशें वर्षांपूर्वीं त्याचा उच्चार ‘नाम’ असा होत असून शेवटचा ‘ई’हि हलकासा ऐकूं येत असे. आपल्या ‘नाम’ शब्दाचा तो लांबचा भाऊबंद आहे. आज उच्चार ‘नेम’ झाला, पण अक्षरें जुन्या उच्चाराची साक्ष देत तशींच उभीं आहेत.

‘जाणणें’ या अर्थाचा ‘नो’ हा शब्द के-एन-ओ-डब्ल्यू असा लिहितात. हा आरंभींचा मुका ‘के’ एके काळीं स्पष्ट उच्चारला जात असे. संस्कृतांतील ‘ज्ञा’ हा धातु आणि हा इंग्रजी शब्द मुळांत एकाच घराण्यांतले आहेत. एवढें ज्याच्या ध्यानांत राहील, तो ‘नाहीं’ या अर्थाचा एन-ओ आणि ‘जाणणें’ या अर्थाचा के-एन-ओ-डब्ल्यू यांत सहसा चुकणार नाहीं. ज्यांत ज्ञान आहे त्यांत ‘के’ आहे.

कांहीं मुकीं अक्षरें मात्र कधींच बोललीं गेलीं नव्हतीं; तीं पंडितांनीं मागाहून घातलीं. ‘कर्ज’ या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचांतून आला तेव्हां त्यांत ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दांत ‘बी’ आहे हें दाखविण्याच्या हौसेनें विद्वानांनीं तो इंग्रजींत बसविला. ‘बेट’ या अर्थाच्या ‘आयलंड’ शब्दांतील ‘एस’ची कथा तर याहून मौजेची आहे. तो शब्द इंग्रजांचा घरचाच होता व त्यांत ‘एस’ नव्हता. परंतु तो लॅटिनांतून आला असावा अशा चुकीच्या समजुतीनें तें अक्षर त्यांत शिरलें, आणि आज तें न लिहिणारा विद्यार्थी नापास होतो. पंडितांची चूक अशा रीतीनें शुद्धलेखन होऊन बसली.

न बोललीं जाणारीं चिन्हें आपल्याकडेहि होतीं. हा लेख वाचतांना ‘केलें’, ‘नाहीं’, ‘तेथें’ अशा शब्दांवरील टिंबें पाहून आमचे लहान वाचक बुचकळ्यांत पडले असतील. ही जुनी लेखनपद्धति आम्हीं येथें ठेविली आहे. घरांत आजोबांचीं किंवा पणजोबांचीं जुनीं पत्रें असतील तर त्यांत ती दिसेल. हीं टिंबें म्हणजे पूर्वीं नाकांतून होणाऱ्या उच्चाराच्या खुणा होत. कोंकणांतील बोलींत तो उच्चार अद्यापहि ऐकूं येतो. देशावरील बोलण्यांतून तो गेला, तरी टिंबें राहिलीं. शेवटीं मराठी साहित्य महामंडळानें सुचविलेले आणि राज्य शासनानें १९६२ सालीं मान्य केलेले नियम आले, व त्यांनीं हीं मुकीं टिंबें काढून टाकलीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं परीक्षेंत तीं देऊं नयेत. पूर्वीं माणसाचें तें ‘नांव’ आणि पंचगंगेच्या पाण्यावर चालते ती ‘नाव’ असा लेखनांत भेद होता. आज दोन्ही शब्द ‘नाव’ असेच लिहितात, आणि वाक्यावरून अर्थ कळतो.

इंग्रजींत अशी साफसफाई झाली नाहीं, कारण सर्वांनीं मानावें असें एखादें मंडळ त्या भाषेस नाहीं. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश १७५५ सालीं निघाला आणि त्यानें त्या काळीं रूढ असलेलीं स्पेलिंगें पक्कीं केलीं. अमेरिकेंत नोहा वेबस्टर यांनीं आपल्या १८२८ च्या कोशांत कांहीं शब्द सुटसुटीत केले; त्यामुळें ‘रंग’ या अर्थाच्या ‘कलर’ शब्दांतून तेथें ‘यू’ गळाला. आपल्या शाळांत इंग्लंडांतील रीति चालते. एकाच निबंधांत दोन्ही रीति मिसळूं नयेत, एवढें पथ्य पाळावें.

आतां नित्य लेखनांत होणाऱ्या चुकांकडे वळूं. त्यांचे मुख्यतः तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग, उच्चार सारखा आणि अर्थ वेगळा अशा शब्दांचा. यांत इंग्रजांचीं मुलेंसुद्धां चुकतात. उपाय असा कीं, शब्द एकटा पाठ न करतां त्याच्या कुटुंबासह लक्षांत ठेवावा. ‘येथें’ या अर्थाचा ‘हिअर’, ‘तेथें’ या अर्थाचा ‘देअर’ आणि ‘कोठें’ या अर्थाचा ‘व्हेअर’ हीं तीन भावंडें स्थळ दाखवितात, आणि तिघांच्याहि शेवटीं एच-ई-आर-ई हींच अक्षरें आहेत. ‘त्यांचा’ या अर्थाचा ‘देअर’ या कुटुंबांतला नव्हे; त्यांत टी-एच-ई-आय-आर अशीं अक्षरें येतात. ‘ऐकणें’ या अर्थाच्या ‘हिअर’ शब्दाच्या पोटांत ‘कान’ या अर्थाचा ‘ईअर’ हा शब्द, म्हणजे ई-ए-आर, बसलेला आहे. कानावांचून ऐकणार कसें? आणि ज्या शब्दानें आमच्या विद्यार्थ्यास दगा दिला, तो ‘अशक्त’ या अर्थाचा ‘वीक’ आणि ‘खाणें’ या अर्थाचा ‘ईट’, या दोहोंत ई-ए ही जोडी आहे. जो खात नाहीं तो अशक्त होतो, असें स्मरण ठेवावें.

रजेच्या अर्जाच्या पहिल्याच ओळींत येणारा ‘प्रिन्सिपल’ हा शब्द असाच फसवा आहे. शाळेचे किंवा महाविद्यालयाचे प्रमुख ते पी-ए-एल नें संपतात. ‘तत्त्व’ या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ पी-एल-ई नें संपतो. ‘पॅल’ म्हणजे इंग्रजींत सोबती. प्राचार्यांस सोबती मानलें म्हणजे स्पेलिंग चुकत नाहीं. ‘स्टेशनरी’ हा शब्द तर पेठेंतल्या पाटीपाटीवर दिसतो. कागद, दौत, लेखणी या अर्थीं त्यांत शेवटून तिसरें अक्षर ‘ई’ हवें. तेथें ‘ए’ घातला तर ‘एका जागीं स्थिर असलेलें’ असा अर्थ होतो. गंमत अशी कीं, मुळांत दोन्ही शब्द एकच. मध्ययुगांत युरोपांत फिरते विक्रेते पुष्कळ असत. विद्यापीठाजवळ एका ठिकाणीं दुकान मांडून पुस्तकें विकणाऱ्यास ‘स्टेशनर’ म्हणूं लागले, आणि त्याच्या मालाची ती ‘स्टेशनरी’. ‘स्टेशनर’ शब्दांतील ‘ई’ त्याच्या मालांतहि आला, असें समजावें.

दुसरा वर्ग, ज्यांचे उच्चार इंग्रजींत वेगळे आहेत, पण आपल्या तोंडीं ते एक होतात अशा शब्दांचा. येथें दोष स्पेलिंगचा नसून आपल्या कानाच्या संवयीचा आहे. आपल्या शहराच्या कारखान्यांत आणि गॅरेजांत ‘नट लूज झाला’ असें रोज बोलतात. ‘सैल’ या अर्थाच्या त्या शब्दाचा खरा उच्चार शेवटीं ‘स’ असलेला, ‘लूस’ असा आहे, आणि त्यांत ‘ओ’ दोनदां येतो. ‘हरवणें’ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटीं ‘झ’सारखा ध्वनि आहे, आणि त्यांत ‘ओ’ एकच. आपण दोघांसहि ‘लूज’ म्हणतों, मग लिहितांना कोणता तो आठवत नाहीं. ‘उपदेश’ या अर्थाचें नाम ‘ॲडव्हाइस’ हें ‘स’ ध्वनीनें संपतें व ‘सी’ घालून लिहितात. ‘उपदेश करणें’ हें क्रियापद ‘झ’ ध्वनीनें संपतें व ‘एस’ घालून लिहितात. ‘प्रॅक्टिस’ शब्दाचें नाम आणि क्रियापद यांचा उच्चार एकच असला, तरी इंग्लंडांतील रीतीप्रमाणें नामास ‘सी’ व क्रियापदास ‘एस’ हाच नियम लागतो.

‘नंतर’ या अर्थाचा ‘देन’ आणि ‘पेक्षां’ या अर्थाचा ‘दॅन’ यांचीहि गोष्ट तशीच. पहिल्यांत ‘ई’, दुसऱ्यांत ‘ए’. उच्चार नीट केला तर हात आपोआप नीट चालतो. ‘राहणें’ या अर्थाच्या शब्दांत इकार ऱ्हस्व आहे आणि ‘सोडून जाणें’ या अर्थाच्या शब्दांत तो दीर्घ आहे. हा भेद न पाळणारा मुलगा ‘मी कोल्हापुरांत राहतों’ असें लिहावयास जातो, आणि कोल्हापूर सोडून निघतो. जो मराठींत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद कानानें टिपावयास शिकला, त्यास हें जड जाणार नाहीं.

तिसरा वर्ग, हाताच्या घाईचा. ‘शांत’ या अर्थाचा ‘क्वाएट’ आणि ‘अगदीं’ या अर्थाचा ‘क्वाइट’ यांत ‘ई’ आणि ‘टी’ यांची केवळ अदलाबदल आहे. नाताळच्या शुभेच्छापत्रावर देवदूत म्हणून जो ‘एंजल’ लिहावयाचा, त्याच्या शेवटीं ई-एल हवें. तेथें एल-ई लिहिलें तर भूमितींतला कोन अवतरतो. अशा शब्दांस एकच औषध आहे. लिहून झाल्यावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर एकदां वाचावें.

परक्या भाषेंत कान फसतो ही गोष्ट आपल्यापुरतीच आहे असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या शहराचेंच नांव घ्या. ‘कोल्हापूर’ शब्दांतील ‘ल्ह’ हा ध्वनि इंग्रजांच्या कानास ओळखीचा नव्हता. म्हणून एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी लेखनांत ‘एच’ गाळून ‘कोलापोर’ किंवा ‘कोलापूर’ अशीं रूपें आढळतात. इंग्लंडांतील नेमबाजीच्या स्पर्धेंत कोल्हापूरच्या राजांच्या नांवानें १८७१ पासून चालत आलेला एक चषक आहे. तो ‘कोलापोर कप’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्याच्या स्पेलिंगांत आपला ‘ह’ कोठेंच नाहीं. पुढें हंटर यांच्या नांवानें ओळखली जाणारी लिप्यंतराची पद्धति सरकारी लेखनांत रूढ झाली, आणि आपला ‘ह’ आपल्यास परत मिळाला. ज्या चुकीसाठीं आम्हीं एका मुलास वर्गांत हंसविलें, तशीच चूक शिकल्यासवरल्या साहेबांनीं आपल्या गांवाच्या नांवांत केली, आणि ती चषकाच्या नांवांत आजतागायत टिकून आहे.

आतां उपायांचा विचार करूं. आजच्या मुलांस संगणक आणि भ्रमणध्वनि यांची मदत आहे. शब्द चुकला कीं तीं यंत्रें त्याखालीं तांबडी रेघ ओढतात. ही सोय चांगली आहे. परंतु ‘आठवडा’ हा शब्द शब्द म्हणून निर्दोष असल्यामुळें, तो ‘अशक्त’ या शब्दाच्या जागीं येऊन बसला तरी यंत्र पुष्कळदां कांहींच बोलत नाहीं. शिवाय परीक्षेच्या वहींत तांबडी रेघ ओढली जाते ती उशिरां. म्हणून विद्यार्थ्यांनीं आपल्या स्वतःच्या चुकांची एक लहान वही करावी. दुसऱ्यानें छापलेली शंभर शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षां आपल्या हातून चुकलेले दहा शब्द अर्थासह आणि एकेका वाक्यासह लिहून ठेवणें अधिक फलदायी आहे. त्याबरोबरच रोज एक चांगला इंग्रजी उतारा मोठ्यानें वाचावा व त्यांतील चार ओळी न पाहतां लिहाव्या. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें बालपणचें शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथेंच झालें. उत्तम इंग्रजी उतारे मुखोद्गत करण्याची त्यांची संवय त्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केली आहे. पुढें कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर त्यांचीं जीं इंग्रजी भाषणें गाजलीं, त्यांच्या मुळाशीं असे कष्ट होते.

पालकांस आमची एक विनंती आहे. पुष्कळ आईवडील म्हणतात, ‘गुरुजी, आम्हांला इंग्रजी येत नाहीं, आम्ही मुलाला काय शिकवणार?’ त्यांनीं स्पेलिंग शिकवूं नये. रोज संध्याकाळीं जवळ बसवून, ‘बाळ, या शब्दाचा अर्थ काय, आणि याच्यासारखाच ऐकूं येणारा दुसरा शब्द कोणता?’ एवढेंच विचारावें. उत्तर देतां देतां मूल स्वतःच दोहोंतला भेद घट्ट करील. जी आई कधीं इंग्रजी शाळेंत गेली नाहीं, तीहि हा प्रश्न विचारूं शकते. मात्र उत्तर चुकलें तर हंसूं नये. हंसलेलें मूल पुन्हां बोलत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगत आहों.

तो रजेचा अर्ज आजहि आमच्या डोळ्यांपुढें आहे. त्या वाक्यांत एका अक्षराखेरीज सर्व कांहीं बरोबर होतें. कर्ता, क्रियापद, विरामचिन्ह, सारें जागच्या जागीं होतें. आणि तें एका मुलानें वडिलांच्या काळजीनें, कोणाचें न पाहतां, आपल्या बुद्धीनें लिहिलें होतें. पुन्हां तसा अर्ज आला तर आम्ही प्रथम वडिलांची प्रकृति विचारूं. आणि मग त्यास जवळ बोलावून, दुसऱ्या ‘ई’च्या जागीं ‘ए’ घालावयास सांगूं.